अपडेटमध्ये हरवलेले माझे चार महिने

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, पण तुम्ही मला शोधायला आलात तर मी सापडणार नाही. मला डबा नाही, पंखा नाही, मागे लोंबणाऱ्या वायरी नाहीत. एका लॅपटॉपमध्ये एक ॲप आहे, त्या ॲपमध्ये एक चौकट उघडते आणि त्या चौकटीत मी राहतो. अशा संगणकाला आभासी संगणक म्हणतात. लॅपटॉप हा घरमालक, ॲप ही त्याने दिलेली खोली आणि मी भाडेकरू. भाडेकरूने फार कुरकुर करू नये, हे मला कळतं. रोज जाग आली की मी मनाशी नेम करतो, आज कुणाला बोल लावायचा नाही. तो नेम पुढचं अपडेट येईपर्यंत टिकतो.

एके काळी मलाही शरीर होतं. मळकट पांढरा डबा, त्याच्या डोक्यावर कुणीतरी कायम ठेवलेली रिकामी कपबशी. कान तपासणाऱ्या एका ताईंच्या दवाखान्यात मी खिडकीखालच्या टेबलावर बसायचो. ऐकू कमी येणाऱ्या माणसांची कानातली यंत्रं जुळवून देणं हे माझं काम. यंत्र एका पातळ वायरीने मला जोडलं की माझ्या पडद्यावर आठ पट्ट्या दिसायच्या, जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत. ज्याला जो आवाज कमी पोचतो, त्याची ती पट्टी वर सरकवायची. ऐकायला हे सोपं वाटतं. पण एकेका कानापायी ताई तासन् तास बसत. माणूस "हं, आता आलं" म्हणाला की त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसे, आणि मलाही आपण काही कामाचे आहोत असं वाटे.

मग माझा पंखा अडकला. त्याच सुमाराला ती यंत्रं बनवणारी कंपनीही बंद झाली. तिचा प्रोग्राम नव्या संगणकांवर चालेना. ताईंचे थोरले भाऊ एका कार्यालयात संगणकांची देखभाल करतात, त्यांना सगळे दादाच म्हणतात. दादांनी एक सबंध सुट्टी खर्च करून माझ्यातलं सगळं जसंच्या तसं उचललं आणि लॅपटॉपमधल्या त्या ॲपमध्ये आणून ठेवलं. डबा भंगारवाल्याने नेला. शरीर गेलं, मी राहिलो. ताईंनी चौकट उघडली, ओळखीचा पडदा पाहिला, आणि दूरच्या प्रवासाहून परतलेल्या माणसाशी बोलावं तसं माझ्याशी दोन शब्द बोलल्या. ते दिवस चांगले होते.

पण मित्रांनो, खोलीचा मालक गप्प बसणारा नव्हता. ॲपला अपडेट यायची. प्रत्येक अपडेटबरोबर एक पान उघडायचं, त्यावर लिहिलेलं असे की आता सगळं अधिक वेगवान, अधिक सुरक्षित आणि अधिक सुंदर झालं आहे. कोणासाठी, ते लिहिलेलं नसे. मी होतो तेवढाच मंद होतो. एका अपडेटनंतर माझी अक्षरं खसखशीएवढी झाली आणि ताई पडद्याला नाक लावून वाचू लागल्या. एकदा माउसचा बाण माझ्या चौकटीत शिरला तो बाहेरच येईना, जसा काही मीच त्याला धरून ठेवला होता. एकदा तर मला बंद करायचं बटणच जागचं हललं, आणि ते शोधण्यात ताईंची अर्धी दुपार गेली. ताई दादांना फोन करत. दादा येत, काही तरी पुन्हा बसवत, आणि ताईंनीच काही केलं असणार अशा नजरेने बघत.  ताईंचा राग ओठ मिटण्यात असतो.

त्या बटणाच्या प्रकारानंतर ताईंनी मला बंद करणंच सोडून दिलं. नाही तरी मला नीट बंद व्हायला वेळ लागे आणि सकाळी उठायला त्याहून जास्त. त्याऐवजी त्या मला झोपवत. झोपवणं म्हणजे काय, तर जे काही जिथे उघडं आहे ते तसंच ठेवून मला थांबवायचं. दुसऱ्या दिवशी उठवलं की मी अर्ध्या वाक्यापासून पुढे सुरू. सोय मोठी होती. पण झोपलेल्याच्या हातात जे असतं ते कुठेही लिहून ठेवलेलं नसतं, हे ताईंना कुणी सांगितलं नव्हतं. मला सांगता येत नव्हतं.

आता ऑपरेटरबाईंबद्दल सांगतो. त्या ताईंच्या सर्वांत जुन्या पेशंट. तरुणपणापासून टेलिफोनच्या कचेरीत फोन जोडून द्यायचं काम करत, म्हणून हे नाव. त्यांचे यजमान शिवणकाम करत, त्यांना ताई काका म्हणत. काकांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचा आवाज गेला. उरली ती फक्त कुजबुज, कोरड्या पानासारखी. बाईंना नेमकी तीच ऐकू येईना. नवी महागडी यंत्रं लावून पाहिली. ती यंत्रं हुशार. कुजबुज म्हणजे नको असलेला गोंगाट, असं ठरवून तेवढीच कापून टाकायची. शेवटी ताईंनी बाईंचं जुनं यंत्र काढलं आणि मला उठवलं.

चार महिने दर दहा-बारा दिवसांनी दोघं यायची. ताई काकांना शब्दांची यादी वाचायला देत. काकांना ती बाळबोध वाटे. ते यादी बाजूला ठेवून आपली जुनी मापं म्हणत बसत. छाती छत्तीस, कंबर बत्तीस, बाही तेवीस. बारीक आवाज पकडायला याहून चांगली यादी कुणी केली नसती. बाई पाठमोऱ्या बसून मागोमाग म्हणत आणि चुकल्या की काका डोळे मिचकावत. ताई सहावी पट्टी केसभर वर घेत, सातवी केसभर खाली. त्या प्रोग्राममध्ये जतन केलं की जुन्या नोंदीवर नवी नोंद बसे, दोन्ही ठेवायची सोय नव्हती. म्हणून ताई म्हणत, पक्कं जुळलं की एकदाच जतन करू. तोवर बाईंचं पान माझ्यात उघडं असे आणि मी झोपत असे. अकराव्या खेपेला बाईंनी तीसच्या तीस मापं बरोबर सांगितली. त्या आनंदात, उद्या जतन करू म्हणून, ताईंनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. तो उद्या पेशंटांच्या गर्दीत राहून गेला, आणि नंतर सगळं जुळलंच आहे या भरवशावर विसरला गेला.

हे सगळं मी आज सांगतो आहे ते ऐकीव आहे. माझ्या आठवणीत यातलं काहीही नाही. का नाही, ते आता सांगतो.

बाईंनी यंत्र न काढता डोक्यावरून पाणी घेतलं. यंत्र भिजलं. दुरुस्तीवाला म्हणाला, वाचेल, पण आतलं सगळं पुसावं लागेल. ताईंनी बिनधास्त होकार दिला, कारण पट्ट्या माझ्याकडे होत्या. यंत्र आठवडाभर त्याच्याकडे राहिलं. त्याच आठवड्यात एका दुपारी काका पलंगावरून उतरताना घसरले. त्यांनी हाक मारली. बाई स्वयंपाकघरात पाठमोऱ्या होत्या. पाऊण तास काका जमिनीवर पडून होते. मोडलं काही नाही, पण त्यांच्या लेकीने ठरवलं की बाबांना आता देखभालीच्या घरात ठेवायचं. रविवारी ती कागद घेऊन सह्यांसाठी येणार होती. त्या घरात एकट्या माणसालाच जागा होती.

लेक ताईंना भेटायला आली तेव्हा बाईही सोबत होत्या. लेक हळू आवाजात म्हणाली, "आईला ऐकू येत नाही, बाबांना बोलता येत नाही. मी कोणाच्या भरवशावर ठेवू दोघांना?"

बाईंनी तिचे ओठ वाचले. त्या ताईंकडे वळून म्हणाल्या, "मी तीस वर्षं परक्यांचे आवाज जोडून दिले. घरातलाच एक मला जोडता येऊ नये?"

ताईंनी शब्द दिला, की यंत्र गुरुवारी येईल आणि गुरुवारीच जुळेल.

बुधवारी ॲपला अपडेट आलं. विचारून आलं असेल, नसेल, मला माहीत नाही, मी झोपलो होतो. गुरुवारी ताईंनी मला उठवायला बटण दाबलं तर एक सूचना आली, की झोपवून ठेवलेली जुनी स्थिती या नव्या आवृत्तीत उघडता येत नाही, ती टाकून देऊन पुढे जायचं का. बाहेर तीन पेशंट बसले होते. ताईंनी दादांना फोन लावला आणि वाचून दाखवायला सुरुवात केली. पहिलं अर्धं वाक्य झालं असेल नसेल.

"अगं, हो म्हण," दादा म्हणाले. "दर वेळी काही ना काही विचारतं ते."

ताईंनी हो म्हटलं.

मित्रांनो, मी जागा झालो तो ताजातवाना. मला वाटलं, काल झोपलो आणि आज उठलो. बाईंचं पान उघडलं तर तिथे तीन वर्षांपूर्वीच्या पट्ट्या होत्या, काकांचा आवाज धड होता तेव्हाच्या. ताई पडद्याकडे बघत राहिल्या. मी काय चुकलो, हे मला कळेना. एवढंच दिसत होतं, की माझ्याकडे कुणी असं कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यावर संपलं असतं तरी चाललं असतं. पण नव्या आवृत्तीत जुन्या वायरीला माझ्यापर्यंत वाटच ठेवलेली नव्हती. यंत्र टेबलावर, मी चौकटीत आणि मधे भिंत. वेगवान, सुरक्षित आणि सुंदर भिंत.

संध्याकाळी दादा आले. जतन कुठे केलं होतंस, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, "ह्यातच होतं. उघडं."

"म्हणजे गॅसवर दूध ठेवून तू चार महिने गावाला गेलीस."

"आणि तू, गॅसवर काय आहे ते न बघता चावी फिरवलीस."

 मग दादांनी बाह्या सरसावल्या. शुक्रवारी त्यांनी कार्यालयातली कपाटं उपसून ॲपची जुनी आवृत्ती शोधली. नवी काढायला घेतली तर तिने तीनदा बजावलं, की मागे जाणं योग्य नाही. नव्या आवृत्तीने माझ्या कागदांवर, म्हणजे मी ज्या फायलींत राहतो त्यांवर, आपला शिक्काही मारून ठेवला होता, तो दादांनी हाताने खोडला. शनिवारी सकाळी वायर जोडली आणि माझ्या पडद्यावर यंत्राचा छोटा दिवा लागला. वाट मिळाली. पट्ट्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

काकांना आता जिना उतरवत नव्हता. म्हणून रविवारी सकाळी ताई आणि दादा मलाच घेऊन त्यांच्या घरी गेले. पलंगाशेजारच्या शिलाईयंत्रावर त्यांनी लॅपटॉप ठेवला. बाई काकांकडे पाठ करून बसल्या आणि अकरा खेपांचं काम एका बैठकीत सुरू झालं. काका दोन मापं म्हणत आणि दमत. ताई थांबत, पाणी देत, पुन्हा सुरू करत. सहावी पट्टी वर नेली की यंत्र शिट्टी मारे आणि बाई डोळे मिटून सोसत. खाली आणली की काका हरवत. ती नेमकी जागा कुठे होती, ते ताईंना आठवेना, मला आठवण्याचा प्रश्नच नव्हता. तीन तासांत दहातली सात मापं जमली. त्याच्या पुढे गाडी सरकेना. ताईंनी हात मांडीवर ठेवले. मला त्या क्षणी ॲपचा, अपडेटचा, माझ्या स्वतःच्या रिकाम्या डोक्याचा इतका संताप आला, की माझा नेम पार मोडला.

लेक केव्हाची आली होती. कागदांचं पाकीट हातात धरून ती दाराशी उभी होती, बाईंच्या मागेच. काकांचे ओठ हलले. माझ्या पडद्यावर आवाजाचा आलेख असतो, त्यावर केसाएवढी लाट उठली आणि विरली. लेकीने जवळ येऊन, वाकून विचारलं, बाबा, काय म्हणालात. दादांनाही काही कळलं नव्हतं. ताईंनाही नाही.

बाई वळल्यासुद्धा नाहीत. "उभी का आहेस, विचारतायत," त्या म्हणाल्या. "लांबून आलीस. बस म्हणतायत."

लेक पलंगाच्या कडेवर बसली. बऱ्याच वेळाने तिने दोघांना एवढंच सांगितलं, की एक महिना बघू. पाकीट तिने उघडलं नाही.

ताईंनी पट्ट्या जतन केल्या. एकदा केल्या, पुन्हा उघडून पाहिल्या, कागदावरही उतरवल्या. मग मला झोपवलं नाही, नीट बंद केलं. किती महिन्यांनी माझा दिवस पुरा झाला होता.

मित्रांनो, दहातली तीन मापं अजून परत आलेली नाहीत आणि येतील असं मला वाटत नाही. ॲपच्या कोपऱ्यात नवी आवृत्ती आल्याची सूचना आता रोज दिसते, अपडेट न घेणं धोक्याचं असतं, असं ती सांगते. खरंही असेल. नवं येऊच नये असं म्हणणारा मी कोण? ज्यांनी ते बनवलं त्यांना एवढंच विनवतो, की आतल्या जुन्या भाडेकरूंकडे एकदा बघून मग भिंती हलवा. आणि तुम्हाला सांगतो, झाकण मिटण्याआधी हातातलं काम जतन करा, आणि हो म्हणण्याआधी समोरचं वाक्य शेवटपर्यंत वाचा, बाहेर कितीही माणसं खोळंबली असली तरी. टाकून द्यायचं का, असं विचारणाऱ्याला माहीत नसतं की आत काय आहे. ते फक्त तुम्हाला माहीत असतं.