चाकाखालचं पाणी

लॉन्झो टिडमोरने आपल्या धरणावर आणखी फळ्या चढवल्या, आणि पाणचक्कीचं तळं मागे सरकत सरकत वर्डी स्कॉगिन्सच्या सखल शेतात शिरलं. शेताच्या कडेला देवदाराखाली तिची लेक आयला मे पुरलेली होती. नाताळपर्यंत थडग्यावर गुडघाभर पाणी झालं.

वर्डी चक्कीवर गेली. मका दळायला आलेले चारपाच जण दाराशी गप्पा छाटत होते. लॉन्झो एका गोणीतून दळणावळीचं आपल्या वाट्याचं मापटं भरून घेत होता.

"लॉन्झो, माझी पोर पाण्याखाली गेलीय. फळ्या उतरव."

"अगं, ऑगस्टात ओढा आटतो, चाक उभं राहतं, मग हेच सगळे माझ्या नावानं खडे फोडतात. धरण माझ्या जमिनीवर आहे, वर्डी. पाणी कुठं पसरतं ते देवाला विचार."

कुणीतरी फिसकन हसलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे थडगी सजवतात. गवत खरवडून काढायचं, पांढरी वाळू रचायची, कागदी फुलं खोचायची आणि मग झाडाखाली सगळ्यांनी मिळून जेवायचं. त्या वर्षी वर्डी नुसती काठावर उभी राहिली. तिने लाल फुलं पाण्यावर सोडली. ती तरंगत तळ्याच्या टोकाला गेली आणि चक्कीच्या पन्हळीपुढल्या जाळीत अडकली.

लॉन्झो फावड्याने ती उपसत ओरडला, "वर्डी, तुझा कचरा अडकतोय इथं!"



चक्कीच्या खाली ओढा वळसा घेऊन पुन्हा वर्डीच्याच जमिनीत येतो. तिथे तिने उन्हाळाभर खेचराकडून दगड आणि ओंडके ओढवून आणले आणि ओढ्यात आडवे रचले. कुणी विचारलं तर म्हणायची, "मासे पाळतेय."

"कॅटफिश झाले की मलाही पाठव गं!" लॉन्झो वरून हसायचा.

त्याची नजर सदैव धरणामागच्या पाण्यावर असायची. चाकाखाली काय चाललंय ते त्याने कधी पाहिलं नाही. असल्या चाकावर पाणी वरून पडतं. खालची कड मोकळी लटकायला हवी. हिवाळ्यात ओढा भरला, वर्डीचं पाणी मागे चढत आलं आणि ती कड बुडाली. चाक जड झालं, पीठ भरड येऊ लागलं. दगड बोथटले असतील म्हणून लॉन्झोने दळायचे दगड उचलून त्यांना छिन्नीने टाकी लावली. उपयोग झाला नाही. एके सकाळी वरून धो धो पाणी पडत होतं आणि चाक जागचं हललं नाही. तेव्हा तो खाली उतरला आणि कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला.

तसाच ओल्या विजारीने तो वर्डीच्या ओसरीवर आला. ती कणसं सोलत होती.

"तुझं तळं माझ्या चाकाला लागलंय."

"धरण माझ्या जमिनीवर आहे, लॉन्झो."

पुढचं वाक्य तिने म्हटलं नाही. त्याला ते पाठ होतं.

"गिऱ्हाइकं पलीकडच्या इंजिनाच्या चक्कीवर जाऊ लागलीत, वर्डी."

"फळ्या उतरव."

मेच्या आधी त्याने फळ्या उतरवल्या. राखाडी चिखलातून शेत वर आलं. देवदार मेला होता. वर्डीने चिखल खरवडला, पांढरी वाळू रचली, लाल फुलं खोचली. त्या रविवारी सगळा गाव तिथेच जेवायला बसला. लॉन्झो हॅट हातात घेऊन आला.

"झालं ना तुझ्या मनासारखं? आता तुझं धरण फोड."

"फोडीन असं मी कधी म्हटलं?"

"अगं, चाक कुजतंय माझं! काय खाऊ मी?"

वर्डीने टेबलावरून एक ताट उचललं. त्यात मक्याच्या पिठात घोळून तळलेले मासे होते. ते तिने त्याच्या हातात दिलं.

"कॅटफिश झाले की पाठव म्हणाला होतास."

गावाच्या नजरा त्याच्यावर होत्या. लॉन्झोला एक घास खावाच लागला.