कुटुंबप्रमुखाने द्यायची माहिती

व्यसनमुक्तीच्या सर्वेक्षणाचा फॉर्म अकरा पानी होता. त्यातली सात पानं पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी, साडेतीन त्यांच्या बापांसाठी आणि उरलेलं अर्धं बायकांसाठी. बायका स्वतःबद्दल खरं सांगत नाहीत, म्हणून ते अर्धं पान कुटुंबप्रमुखाला विचारून भरावं, अशी सूचना वरच छापली होती. पुरुष बायकांबद्दल खरं सांगतात हा शोध समितीने कुठे लावला, ते छापलेलं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावर टायपिंगच्या बाई राहत. क्लास बंद होऊन दहा वर्षं झाली होती, नवरा जाऊन सहा, आणि मुलगा परदेशात होता. सर्वेक्षणवाली मुलगी दाराशी पोचली तेव्हा बाईंनी इतक्या चटकन दार उघडलं की बेल वाजवायची राहूनच गेली. न विचारता चहा टाकला. दुसऱ्या कपात धूळ बसली होती, तो विसळून घेतला.

मुलीने पानं उलटली. तरुण मुलं? नाहीत. पुरुष? बाईंनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. साडेदहा पानं दोन रेघांत निकालात निघाली. बाई मात्र खुर्चीच्या टोकाशी सरकून बसल्या होत्या. रविवारी मुलगा फोनवर झोप लागते का म्हणून विचारी, त्या छान लागते म्हणत, आणि ते खोटंही नव्हतं. त्यापुढचं विचारणारं कुणी सहा वर्षांत घरात आलं नव्हतं. आज आलेली मुलगी चहा संपवत आली होती.

"काकू, घरात कुटुंबप्रमुख कोण?"

"मीच की. दुसरं आहे कोण?"

"मग तुम्हीच सांगा. घरातली कुणी बाई नशेचं काही घेते?" पेन आधीच 'नाही'वर टेकलं होतं. साठीपुढच्या घरांत ती तसंच करी. वेळ वाचायचा.

"एक आहे," बाई म्हणाल्या.

पेन उचललं गेलं. मग बाईंनी त्या एकीची सगळी हकिगत सांगितली. नवरा गेला तेव्हा डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांपुरत्या. अर्धीवरून ती तीनवर आली. संशय नको म्हणून तीन दुकानांतून आळीपाळीने आणते, आणि तिन्ही दुकानदार तिला साधी बाई समजतात. तशी आहेच ती साधी. पण गेल्या आठवड्यात दूध गॅसवर ठेवून झोपली. उठली तेव्हा पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं आणि घरभर धूर. तिने खिडक्या उघडल्या, पातेलं घासलं आणि कुणाला सांगितलं नाही.

"कुणाला सांगणार म्हणा," बाई म्हणाल्या.

मुलीने फॉर्म शेवटपर्यंत उलटला. मग तिने शेवटच्या पानावरचा नियम वाचून दाखवला: व्यसनी व्यक्तीशी बोलताना कुटुंबप्रमुखाने समोर थांबू नये.

"तुम्ही जरा आत जाता का, काकू? मला त्यांच्याशी बोलायचंय."

बाई निमूट उठल्या. स्वयंपाकघर चार पावलांवर होतं. ओट्याला धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या, डोळ्यांना पाणी लावलं आणि बाहेर येऊन, मघाच्या खुर्चीत न बसता, स्टुलावर बसल्या. तासभर बोलल्या. मुलगी ऐकत गेली. फॉर्मवर तेवढी जागाच नव्हती, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहून घेतलं.

गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, असं तिने दोनदा बजावलं. मंगळवारी दहा वाजता ती येणार आणि दोघी मिळून दवाखान्यात जाणार, असं ठरलं. चप्पल घालता घालता ती थांबली.

"हे कुटुंबप्रमुखांना कळवायचं का?"

बाई स्टुलावरून उठून दाराशी आल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पण जरा सांभाळून सांगा. एकटीच असते ती."