आवाज न देता

बाळापूरच्या कौलारू छपरांची, छपरावर चढूनच काढलेली चित्रं मी सुती चिंध्यांपासून केलेल्या कागदावर छापली आणि अमरावतीच्या प्रदर्शनात 'एकही झाड न तोडता' अशी पाटी लावून मिरवत बसलो. कापसाला भाव नव्हता त्या वर्षी. माझ्या चित्रांना होता.

शेजारच्या जैनबबी मुद्दाम बसने आल्या आणि एका चित्रापाशी थबकल्या. छपरांच्या मधोमध त्यांचं अंगण होतं. पडून राहिलेल्या कापसाला टेकून एक बाई केस मोकळे सोडून बसली होती.

"हे तं मी व्हय."

"हो खाला! हेच सगळ्यात जास्त खपलं."

"तुजे अब्बा कौलं फेराले येत, तं आदी तीनदा आवाज देत. आमी डोक्यावर पदर घेतला, का मंग शिडीवर पाय ठेवत. तू आवाज देल्ला होता का, नईम?"

नव्हता. दिला असता तर त्या उठून आत गेल्या असत्या आणि चित्र बिघडलं असतं. मला तेव्हाच ठाऊक होतं.

त्यांनी चित्रातल्या बाईवर तळहात ठेवला.

"मावशी, जरा हात काढा ना," मागचं गिऱ्हाईक म्हणालं, "दिसत नाहीये."

आणि मी, अय्युब कौलवाल्याचा मुलगा, गप्प उभा राहिलो.