दोघींनी मिळून पाहिलेली काचपट्टी

मित्रांनो, एकतीस वर्षे मी कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या एका रुग्णालयाच्या तळघरात काम केले. मी सूक्ष्मदर्शक, आता जुना झालेला. मला डोळे लावायला दोन जागा आहेत, त्यामुळे समोरासमोर बसून दोघांना एकच काचपट्टी पाहता येते.

एका मार्चमध्ये एल्विन कॉर्कमची काचपट्टी माझ्याखाली आली. एल्विन लाकडी होड्या बांधणारा, बासष्ट वर्षांचा. त्याच्या प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने बारा तुकडे काढले होते. त्यांतल्या दोनांत कर्करोग होता. अहवालात मध्यम धोका लिहिला होता, शस्त्रक्रियेची तारीखही ठरली होती. पण काचपट्ट्या तपासणाऱ्या डॉक्टर थिबोडो बाईंना एक जागा खटकली. त्यांनी सहकारी डॉक्टर हलीनांना हाक मारली.

"ह्या बारीक नळ्या एकमेकींत मिसळल्यात का गं?"

"नाही, काप तिरका गेलाय. पुढचे काप बघ, सगळ्या सुट्या आहेत."

मिसळलेल्या नळ्या म्हणजे वाढीव धोका, सुट्या म्हणजे सौम्य आजार; तासाभराने आजाराचा दर्जा सर्वांत सौम्य ठरला.

शस्त्रक्रियेची घाई नको, हे एल्विनला फोनवर पटेना. बायको थेल्माला घेऊन तो थेट तळघरात आला.

"माझा बाप ह्यानेच गेला. काढून टाका, म्हणजे सुटलो!"

"आधी बसा," बाई म्हणाल्या, "आणि स्वतः बघा."

तो वाकला. त्याच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली.

"तुमच्या वडिलांचा आजार हाडांत पोचल्यावर कळला," बाई सांगू लागल्या. "तुमचा लहान आहे, रक्ततपासणीतला आकडाही कमी आहे. शस्त्रक्रियेने लघवीवरचा ताबा जाऊ शकतो, नवराबायकोच्या सुखालाही बाधा येऊ शकते. किरणोपचारांचेही त्रास आहेतच. नुसतं लक्ष ठेवायचं, तर तपासण्या चुकवून चालणार नाही. वाढताना दिसला, तर तेव्हा उपचार करू. ठरवायचं मात्र तुम्ही."

एल्विन पुन्हा वाकून पाहत म्हणाला, "मग लक्षच ठेवू या." थेल्मा म्हणाली, "अरे, दातांच्या डॉक्टरकडे तू अकरा वर्षं फिरकला नाहीस. तू काय तपासण्या पाळणार!"

"तू आहेस ना हाकलायला."

तिघेही हसले. शस्त्रक्रिया रद्द झाली.

पुढच्या पाच वर्षांत त्याचे तुकडे माझ्याकडे तीनदा आले. दोनदा काहीच बदल नव्हता. तिसऱ्या वेळी मात्र नळ्या खरोखरच मिसळल्या होत्या. दोघी डॉक्टरांनी पुन्हा एकत्र पाहिले. शंकेला जागा नव्हती. एल्विनने किरणोपचार घेतले. काही आठवडे थकवा आला, मग तो परत होड्यांच्या कामाला लागला. ती पाच वर्षे त्याला पूर्णपणे जगायला मिळाली, याचा मला फार आनंद वाटतो.

आता काचपट्ट्या संगणकाच्या पडद्यावर पाहतात. मी कोपऱ्यात प्लास्टिकच्या आवरणाखाली असतो, पण कुरकुर नाही. कधीतरी माझ्या काचा मऊ कापडाने पुसा, एवढे पुरे. आणि मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर झाले, तर पडद्यासमोर एक खुर्ची जास्तीची ठेवा. ज्याचा आजार असेल, त्याला तिच्यावर बसवून दाखवा.