इंगरनं न विचारलेला प्रश्न

"मूठ आवळ," दत्तात्रय मास्तर म्हणाले, तशी शारदाबाईंनी मूठ आवळून हात पुढे केला. इंगरनं मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, सुई कातडीखाली आडवी सरकवली. मसुराएवढा फुगा वर आला. शारदाबाई दाराबाहेर वाळत घातलेल्या कुरडयांकडे बघत राहिल्या.

"सूज आली तर क्षयाचे जंतू कधीतरी अंगात शिरले होते असं समजायचं," मास्तरांनी समजावलं. "आजार असेलच असं नाही."

हे वाक्य ते राजपुऱ्यात घरोघर बोलले होते. इंगर डेन्मार्कची, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला. म्हाताऱ्या माणसांच्या अंगात जुना क्षय किती दडून राहतो, ते शिकायला तिला काही महिन्यांसाठी बऱ्हाणपुरात पाठवलं होतं. दुभाषा म्हणून तिला इंग्रजीचे निवृत्त मास्तर मिळाले. राज्य नवं झालं, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, कचेरीतले कागद हिंदीत आले, तेव्हापासून मास्तरांकडे कुणी अर्ज लिहून घ्यायलाही येत नव्हतं. आता पानवाला नंदकुमार रस्त्यातून हाक मारी, "मास्तर, मेमसाब तुमच्या बगैर पाणी पण पीत नाही म्हणे." मास्तर लाजत. आपलं इंग्रजी पुस्तकी आहे, ही मुलगी ते निव्वळ चांगुलपणानं समजून घेते, अशी शंका त्यांना रोज येई. तरी सकाळी ते वेळेआधी कोट घालून बसलेले असत.

आज सिंधीपुऱ्याची पाळी होती, आणि पहिलं घर त्यांचंच.

इंगरनं नेहमीचा प्रश्न विचारला. मास्तरांनी तो मराठीत केला: घरात कुणाला क्षय झाला होता?

"तुम्हाला मालूम नाही का?" शारदाबाई म्हणाल्या.

"तू सांगायचं असतं."

"मोठ्या भाऊजींना."

म्हणजे मास्तरांचे थोरले भाऊ, दिगंबर. तेव्हा घर निंबोल्याला होतं. खोकल्यातून रक्त पडू लागलं तेव्हा दिगंबरना केळीच्या बागेतल्या झोपडीत ठेवलं. मास्तरांना नुकतीच शहरातल्या शाळेत नोकरी लागली होती. ते शनिवारी घरी येत, आणि झोपडीकडे जायचं नाही अशी आईनं त्यांना शपथ घातली होती. ताट पोचवायचं काम नव्या सुनेकडे आलं. थोरल्या दिराशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर पदर खाली ओढून घ्यायचा, ही घरची रीत. म्हणून ताट बांधावर ठेवायचं, हाक मारण्याऐवजी बांगड्या वाजवायच्या आणि परत फिरायचं.

किती जवळ जात होतात, असं इंगरनं विचारलं.

"बांधापर्यंतच ना?" मास्तर म्हणाले.

"आधी बांधापर्यंत. मग आत."

मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, आत. इंगरनं विचारलं, किती वेळ.

"ऊन उतरेपर्यंत. सासूबाई झोपलेल्या असायच्या."

मास्तरांनी हेही सांगितलं. दुभाष्यानं पदरचं काही घालू नये, हे त्यांनीच इंगरला पहिल्या दिवशी ऐकवलं होतं. इंगर पुढच्या प्रश्नाकडे वळली: पाणी एकाच भांड्यातून प्यायलात का? मास्तरांनी बायकोकडे पाहिलं आणि विचारलं,

"एवढा वेळ आत काय करत होतीस?"

"हे ती विचारते?"

"हो."

शारदाबाईंनी इंगरकडे बघितलं. इंगर हसली. सगळ्याच म्हाताऱ्या तिच्याकडे अशा बघत, आणि ती हसे.

"अक्षरं शिकत होते," शारदाबाई तिलाच म्हणाल्या. "भाऊजी शिकवायचे. ते जायच्या आधी मी पोथी वाचायला लागले होते. त्यांनाच वाचून दाखवायची."

इंगरनं मास्तरांकडे मान वळवली.

"पाणी वेगळ्या भांड्यातून," मास्तर म्हणाले.

दिगंबर गेले त्याच्या पुढच्या वर्षी मास्तरांनी शहरात बिऱ्हाड केलं आणि बायकोला पाटीवर शिकवलं. महिनाभरात ती वाचू लागली. असा विद्यार्थी उभ्या नोकरीत दुसरा मिळाला नाही, हे ते शिक्षकांच्या खोलीत सांगत. निरोपाच्या भाषणातही त्यांनी तेच सांगितलं होतं. आपण चांगले शिक्षक होतो असं म्हणायला एरवी त्यांची जीभ रेटत नसे.

इंगर सामान आवरू लागली तेव्हा मास्तरांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि मलाही टोचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शारदाबाईंचा हात लाल झाला. त्या ओलं फडकं ठेवून कामं करत होत्या. मास्तर खिडकीशी जाऊन आपला हात उजेडात धरत, अंगठ्यानं दाबून बघत. दिगंबरदादा तापीत पैलतीर गाठून यायचा. आपण काठावर त्याचे कपडे सांभाळायचो. दादा गायला लागला की बायका चुलीवरून उठून दारात यायच्या. पण मॅट्रिकला तो दोनदा नापास झाला. अक्षरं तेवढी आपली, असं मास्तरांनी तेव्हापासून धरलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी इंगर सूज मापायला यायची होती. सकाळी शारदाबाई डाळ पाखडत होत्या. मास्तर पुस्तक उघडून समोर बसले. पान उलटलं नाही.

"पहिल्या दिवशी पाटीवर तू क उलटा काढला होतास."

"हो."

"येत असून?"

सूप थांबलं. "भाऊजी काडीनं राखेत काढून दाखवायचे. लांबून. खोकला आला की भिंतीकडे तोंड करायचे. त्यांचा हात कधी माझ्या पदरालाही लागला नाही." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "तुम्ही हात धरून गिरवून घेतलंत. तेव्हा दिवसा माझ्याकडे बघत तरी होतात का तुम्ही? क लगेच आला असता तर हात सोडला असता."

सूप पुन्हा हलू लागलं. मास्तरांचे कान तापले. एवढ्यावर माणसानं सुखी व्हावं, आणि ते झालेही. इंगरची सायकल दाराशी थांबेपर्यंत. मग वाटलं, दादाला तिनं पोथी वाचून दाखवली. आपल्याला उलटा क.

शारदाबाईंच्या हातावरची सूज रुपयाहून मोठी होती, टणक. इंगरनं पट्टी लावून मापली. मास्तरांच्या हातावर टोचल्याची खूणही राहिली नव्हती. म्हातारपणी काहींचा हात जुना आजार विसरतो, इंगर म्हणाली. ती तेच शोधायला आली होती. तुमचा विसरला की त्याला कधी माहीतच नव्हता, हे मात्र मला सांगता येणार नाही.

"माहीत नव्हता," मास्तर म्हणाले.

इंगरनं टोपण काढलेलं पेन पुन्हा बंद केलं. तेवढ्यात मास्तर घसा साफ करून म्हणाले, परवा पाण्याचं उत्तर माझं होतं, हिचं नव्हे. त्यांनी शारदाबाईंना आता विचारलं. वेगळ्याच भांड्यातून, त्या म्हणाल्या, भाऊजी शिवूच देत नसत. मग ते बरोबरच होतं की, इंगर म्हणाली.

"ती दुसरं बोलली होती. माझ्या थोरल्या भावानं तिला वाचायला शिकवलं. ते लिहा," मास्तर इंग्रजीतच म्हणाले.

यासाठी माझ्या कागदात जागा नाही, असं इंगरनं नरमाईनं सांगितलं. मास्तर उभेच राहिले. शेवटी तिनं कागद आडवा धरला, समासात एक ओळ लिहिली आणि भावाचं नाव विचारलं. शारदाबाईंना कळेल म्हणून मास्तरांनी नाव उच्चारलं नाही. खाली बघत त्यांनी एकेक इंग्रजी अक्षर सांगितलं, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं इतकं सावकाश.

सायकल गल्लीच्या वळणावर गेली तेव्हा शारदाबाईंनी विचारलं, "एवढं काय लिहून घेतलं तिनं?"

"गावाचं नाव," मास्तर म्हणाले. "निंबोल्याचं."

शारदाबाईंनी मान हलवली आणि सुजलेला हात पदराखाली घेतला.