काशीरामच्या खळ्यातला खांब

सरकारला कोणाच्याही जमिनीत तारेचा खांब रोवता येतो. मालकाची परवानगी लागत नाही. जमीन मालकाचीच राहते, खांब तेवढा सरकारचा. इंग्रज जाऊन दहा वर्षं झाली तरी हा कायदा जागचा हलला नव्हता. एवढ्या भक्कम कायद्यात उणीव एकच होती. खांबाच्या खड्ड्यात म्हातारी बसली तर काय करायचं, हे त्यात लिहिलेलं नव्हतं.

करंजाड्याच्या काशीरामच्या खळ्यात भामाआते खड्ड्यात पाय सोडून बसली होती. समोर लाइन इन्स्पेक्टर आनंदराव टिपणीस छत्री धरून उभे. मागे लोखंडी खांब आडवा पडलेला, आणि त्यावर खात्याचे गडी बिड्या ओढत बसलेले. काम थांबल्याचं दुःख त्यांना झालेलं दिसत नव्हतं.

"आजी, उठा. कायद्यानं आम्हाला हक्क आहे."

"कायदा परवा आन. आज पोरीचा मांडव घालाचा हाय."

काशीरामच्या मुलीचं, गोदूचं लग्न उद्यावर आलं होतं आणि खड्डा बरोबर मांडवाच्या मधोमध होता.

"सायब, वऱ्हाड कुटं बसवू?" काशीराम म्हणाला. "तुमच्या नकाशावर?"

"नकाशात रेघ इथूनच जाते रे."

"मंग रेघ पुसा."

टिपणीसांकडे खोडरबर होतं, अधिकार नव्हता. इतकी वर्षं नोकरी करून ते अजून हंगामीच होते. आजवर त्यांनी कायदा कधी वापरला नव्हता. गावोगाव चहा पिऊन त्यांनी खांब उभे केले होते. पण उद्या ठाण्याहून साहेब रांग बघायला येणार होते. रांगेत एक जरी खांब कमी दिसला, तरी टिपणीस हंगामीच राहणार होते. आणि बायकोने तर पनवेलात हळदीकुंकवाला सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की 'हे' कायम झाले.

भामाआते धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजीचं काम धवलारीण करते; तिने धवला गायल्याशिवाय मांडवाची मेढसुद्धा उभी राहत नाही. तिने टिपणीसांच्या तोंडाकडे पाहिलं, मग खांबाकडे.

"सरल हाय रं," ती म्हणाली. "काशीराम, यालाच मेढ करू."

"लोखंडाची मेढ? आते, लोखंडाला हलद धरल काय?"

"चोलली का धरते. तुज्या बापालाबी धरत नव्हती."

गडी हसले. काशीरामही हसला, कारण ही गोष्ट गावात सर्वांना माहीत होती.

"पन आयक," आते टिपणीसांना म्हणाली, "मांडव उतरंपर्यंत मेढीला हात लावाचा नाय. शिडी नाय, तार नाय."

टिपणीस इतक्या झटकन 'हो' म्हणाले की आतेला आणखी काही मागायचं राहिलं की काय, असं वाटून गेलं.

खांब उभा राहिला. आतेने धवला गायला, बायकांनी हळद लावली, आंब्याचे टहाळे बांधले. खांबाला काहीही बांधू नये असा खात्याचा हुकूम होता. तो टिपणीसांच्या पिशवीत होता. टिपणीसांनी पिशवी काशीरामच्या बाजल्याखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी भर मांडवात जीप आली. साहेब उतरले आणि पिवळ्याधमक खांबाकडे बघतच राहिले.

"टिपणीस, हे काय?"

"मालकाची संमती, साहेब."

साहेब खांबाभोवती एक फेरी मारून आले. आजवर त्यांनी खांबाविरुद्धचे अर्ज पाहिले होते, दगड पाहिले होते. पूजा पाहिली नव्हती.

"उभं काय रेलं, सायब?" आते ओरडली. "मेढीपाशी आलेलं मानूस जेवल्याबिगर जात नाय!"

साहेब बसले. त्यांनी दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली आणि जीपमध्ये चढताना म्हणाले, "जनतेचं सहकार्य असं पाहिजे. तुमचं नाव मी वर कळवतो."

जीपचा धुरळा खाली बसला तसे टिपणीसही बसले. बूट काढून त्यांनी खांबाला पाठ टेकली.

"झालं काय रं तुजं काम?" आतेने विचारलं.

"झालं, आजी."

"मंग जेव आता."

ते पोटभर जेवले आणि तिथेच, सनईच्या आवाजात, झोपले.

दिवाळीला टिपणीस कायम झाले. पुढे खात्याने नकाशातली रेघच हलवली आणि तारेची लाइन सडकेच्या पलीकडून गेली; काशीरामच्या खळ्यातला खांब तारेविना तसाच उभा राहिला.