थोरलीची चाकं

"आधी चाकाकडे बघ, मग इंजिनाच्या नावानं बोटं मोड," असं बाबा म्हणायचे. त्यांचा शब्द मनात धरून धाकटी पिकअपच्या मागच्या चाकाशी उकिडवी बसली होती.

पिकअप बाबांची, सहा सिलिंडरची, जुनी. दोन्ही मुलं जन्मायच्या आधी ती घरात आली, म्हणून बाबा तिला थोरली म्हणत. त्यामुळे दादा पहिला मुलगा असूनही जन्मभर मधलाच राहिला. बाबांमागे गॅरेज या दोघांकडे आलं. इंजिनाचं काम धाकटीचं, पत्रा आणि रंग दादाचा.

गेल्या वर्षी डोंगर फुलला, तेव्हा आत्याच्या मधपेट्या ट्रॉलीत घालून थोरली निघाली आणि चढाच्या मधल्या वळणावर तिने मान टाकली. क्लच जळल्याचा वास, चाकांमागे दगड, बंद पेट्यांत वाढत चाललेली घूंघूं. शेवटी परत फिरावं लागलं. खाली फुलं नव्हती. आत्याने साखरपाण्यावर माश्या जगवायची शिकस्त केली, तरी बऱ्याच गेल्या.

यंदा आत्याने आधीच सांगून टाकलं. "पेट्या वर पोचल्या तर ठेवीन. नाहीतर व्यापारी मागतोच आहे, त्याला देऊन मोकळी होईन. त्यांचे हाल मला पुन्हा बघवायचे नाहीत."

"मी पोचवते, आत्या," धाकटी म्हणाली होती. आवाज एवढासाही चढला नव्हता. पण आत्याने व्यापाऱ्याला थांबायला सांगितलं.

दादाच्या डोक्यात मात्र नवं इंजिन होतं. "आठ सिलिंडरचं टाकू. हिच्यात आता दम नाही."

"दम मोजलाय मी. सहाही सिलिंडर सारखा दाब देतायत. आणि हळू बोल, तिला ऐकू येतं."

"मग अडली कशाला?"

"न्यूट्रलला टाक आणि ढकल. हळू. चाकावरची खडूची रेघ फिरून परत खाली आली की थांब."

दादाने ढकललं. खाली वाकून धाकटीने इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजले. "तीन, आणि वर जरासा. हिचे मागचे दाते पळायला केलेत, ओढायला नाही. भंगारात याच बनावटीचा माल वाहायचा टेम्पो पडलाय. त्याचं क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या दात्यांची जोडी, हिला बसतं. त्यात शाफ्ट चारच्या वर फिरतो. इंजिन हेच, पण चाकाला जोर जास्त."

"आणि वेग?"

"कमी होईल. मोकळ्या रस्त्यावर इंजिन कुरकुरेलही. आत्याच्या माश्यांना कुठे शर्यतीला जायचंय?"

दादा हसला, मग थबकला. "पण बाबांच्या वेळी हेच दाते होते. तेव्हा बरी चढायची."

"तेव्हा ट्रॉली हलकी होती. आत्ताची ब्रेकवाली, स्प्रिंगांची, जड आहे."

"तेवढंच?"

धाकटीची नजर चाकांकडे वळली. समोर दादाने बसवलेली चाकं लखलखत होती, जुन्यांपेक्षा चांगली उंच. बाबा गेल्यावर त्याने ती हौसेने आणली. बाबांची गाडी आहे, रस्त्यात उठून दिसली पाहिजे, म्हणाला होता. तेव्हापासून रोज सकाळी तो ती फडक्याने पुसायचा.

"चाक जितकं उंच, तितकं फिरवायला जड," ती हळूच म्हणाली. "नवे दाते मिळवतील त्यातलं बरंचसं ही चाकंच खाऊन टाकतील."

दादा खडूच्या रेघेकडे बघत राहिला. "म्हणजे गेल्या वर्षी मीच अडवली तिला."

"नटवलीस तू तिला. लग्नाला निघाली असती तर शोभून दिसली असती."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"रोज पुसत होतास ना."

दादा शेडच्या मागे गेला. परत आला तो जुनं चाक घरंगळत घेऊन. मागे ताडपत्रीखाली उरलेलीही होती. "बाबांचा हात लागलेली. टाकवली नाहीत," तो म्हणाला आणि नव्या चाकाच्या नटाला स्वतःच पाना लावला.

क्राउन-पिनियन बसवायला दोघांचा कस लागला. दात दाताला नेमका कुठे टेकतो ते बघायला त्यावर रंग लावून फिरवावं लागतं. धाकटीने ब्रश उचलला, तर दादाने तो काढून घेतला. "रंगाचं काम आहे, बाईसाहेब, सरका." ठसा कडेला उमटला. तिने पातळ वॉशर बदलला, त्याने पुन्हा रंग लावला. असं करत करत ठसा दाताच्या मध्यावर आला, तेव्हा दोघांनी एकदमच मान हलवली. मग तिने रेडिएटर धुतला, गाडीचे आणि ट्रॉलीचे ब्रेक नीट केले. चढलेल्या गाडीला उतरायचंही असतं.

चाचणीला ट्रॉलीत पेट्यांच्या वजनाच्या विटा भरल्या. धाकटीने गाडी मुद्दाम त्याच वळणावर उभी केली. हँडब्रेक लावला, क्षणभर थांबली, आणि पहिल्या गिअरमध्ये सोडली. थोरली एकदा हुंकारली आणि मागे तसूभरही न घसरता निघाली.

"वास?" तिने विचारलं.

दादाने खिडकीबाहेर नाक काढलं. "घामाचा येतोय. माझ्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर, आत्याने पेट्यांची तोंडं जाळीने बंद केली. पहाटे त्या ट्रॉलीवर चढल्या. दादाने दोर आवळले, ट्रॉलीच्या जोडाची खीळ हलवून पाहिली.

"गरम व्हायच्या आत पोचायला हवं हं," आत्या म्हणाली. ती पुढे बसली आणि हात मांडीवर जुळवून ठेवले.

धाकटीने बाबांचा नेम केला. बॉनेट उघडून पाणी पाहिलं, ऑइल पाहिलं, बॉनेट लावून त्यावर तळहात टेकला आणि डोळे मिटून क्षणभर उभी राहिली. मग ती आत बसली. मागे पेट्यांत बारीक गुणगुण चालली होती. माश्यांना धक्का लागू नये म्हणून तिने क्लच अगदी सावकाश सोडला, आणि थोरली चढाकडे निघाली.